गाडीखालचे टाके

लोक खोटं बोलतात हे टेलरबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावला, तेव्हा ती बाई पोट आत ओढून उभी होती. "अठ्ठावीसच आहे, लिहून टाक," बाई श्वास कोंडून म्हणाली. टेलरबाईंनी लिहून टाकलं, आणि आठ दिवसांनी तो ड्रेस उसवून पुन्हा शिवून दिला. त्याला आता चौतीस वर्षं झाली. तेव्हापासून माप घेताना त्या गिऱ्हाइकाला आधी बोलतं करतात. मुलांचे पेपर कसे गेले, सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो. माणूस बोलायला लागला की श्वास सोडतो, आणि त्याने श्वास सोडला की टेप ओढायचा.

घरातही त्यांचा हाच कायदा होता. मुलगा शाळेत असताना दप्तर तपासायच्या आधी त्या त्याला जेवायला वाढत. शेजारीण साखर मागायला आली तर साखर देता देता ती खरं म्हणजे कशाला आली आहे हे काढून घेत. कुणी त्यांच्या संशयी स्वभावावर बोललंच तर म्हणत, "शिवायला टाकलेलं कापड उरलं का, हे मला रोज चार जण विचारतात. सगळं जग माझ्यावर संशय घेतंय, मग मी एकटीनेच भोळं राहायचा मक्ता घेतलाय का?"

या कायद्याला दाद न देणारा एकच माणूस होता, त्यांचा नवरा. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डिंग केलं होतं: फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे, गोल जिने. मिस्त्रींचं खोटं पकडणं अवघड होतं, कारण ते खोटं बोलतच नसत. खरं बोलत, पण त्यातलं निम्मं हातचं राखून. लग्नानंतर पहिल्याच वर्षी टेलरबाईंनी विचारलं होतं, "सिगारेट सोडलीत ना?" तर म्हणाले, "आज एकही विकत घेतली नाही." हे खरंच होतं. दुसऱ्याची ओढली होती.

मिस्त्रींचा डावा डोळा बारा वर्षांपूर्वी ग्राइंडरवरून उडालेल्या एका कणाने नेला. उजव्यात मोतीबिंदू झाला. गेल्या हिवाळ्यात त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टेलरबाईंना वेगळं आत बोलावलं.

"मोतीबिंदू निघाला. पण मागचा पडदा कमजोर आहे, आणि त्यांच्याकडे डोळा एकच आहे. वेल्डिंगचा उजेड आता बंद. काच लावून नाही, लांबून नाही, कसाच नाही. आणि वजन उचलायचं नाही."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर हात धरून फिरवायची तयारी ठेवा."

बाहेर येऊन त्यांनी हे मिस्त्रींना शब्दाला शब्द सांगितलं. मिस्त्री "बरं" म्हणाले. टेलरबाईंना ते "बरं" आवडलं नाही. फारच लवकर आलं होतं.

दीड महिना शांततेत गेला. मग घरात भंगार यायला लागलं.

पहिल्यांदा आली ती एका लोखंडी कॉटची चौकट. मग लहान मुलाच्या बाबागाडीची दोन मोठी चाकं, त्यातल्या एकाला गुलाबी रंगाचा ससा चिकटलेला. मग ऑफिसातल्या खुर्चीची दोन छोटी फिरती चाकं, एका सायकलचं हँडल, फ्रिजमधली तारेची जाळी, नळाच्या पाइपचा वीतभर तुकडा. हे सगळं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमत गेलं. मिस्त्रींचं जुनं वेल्डिंग मशीन त्याच शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेलं होतं. झाकताना टेलरबाईंनी स्वतः गोणपाटाला चारी बाजूंनी सुतळी बांधली होती, आणि गाठ आपल्या पद्धतीची मारली होती.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"अँगल."

"ते मलाही दिसतंय. कशाला?"

"गाडी करतोय. मशीन ठेवायला." मिस्त्रींनी एक डोळा मिटून अँगल सरळ आहे का बघितला. डावा मिटला, जो तसाही कामाचा नव्हता. "चाळीस किलोचं धूड आहे. वजन उचलू नका म्हणाली ना तुझी डॉक्टरीण? मग ढकलायला गाडी नको?"

"जे मशीन तुम्ही चालवायचंच नाही, ते ढकलून न्यायचं कुठे?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. "कोपऱ्यातून बाजूला सारायला. झाडू मारायचा झाला तर."

लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि मिस्त्रींच्या हातात झाडू टेलरबाईंनी कधी पाहिला नव्हता.

"आणि जोडणार कशाने?"

"नट-बोल्टने."

"वेल्डिंग नाही?"

"मी वेल्डिंगचा होल्डर हातात धरणार नाही. झालं?"

झालं नव्हतं. पण शेडमध्ये खरोखरच ड्रिलने भोकं पडत होती आणि बोल्ट आवळले जात होते. मिस्त्री गुण्या लावून लावून काटकोन तपासत होते. सुतळीची गाठही जशीच्या तशी होती. टेलरबाई रोज सकाळी नवऱ्याला चहा देताना खिडकीपाशी बसवत आणि त्याचा डोळा बघत. लाल दिसला नाही की पुढच्या कामाला लागत.

तरी मनाला स्वस्थता नव्हती. एक दिवस रस्त्यात भंगारवाला भेटला. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

"काय टेलरबाई, मालक नवी गाडी बांधतायत म्हणे! तुम्हाला फिरवायला?"

"मला कशाला? माझे पाय शाबूत आहेत. काय काय नेलं हो त्यांनी?"

"लोखंडाचं विचाराल तर सगळं निवडून नेलं. माणूस भाजी घेतो तसं घेतात, उलटंपालटं करून. परवा दोन काचा नेल्या."

"कसल्या काचा?"

"तोंडावर धरायच्या हो, वेल्डिंगच्या. एक ठीक होती. दुसरीचा पट्टा तुटका होता, म्हटलं ही नका नेऊ, डोक्याला सैल होते. तर म्हणाले, लहान करून घेतो." भंगारवाला हसला. "म्हटलं, मिस्त्री, म्हातारपणी डोकं लहान होतंय का काय?"

टेलरबाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी सरळ विचारलं, "काचा कशाला आणल्या?"

"ड्रिल मारताना कीस उडतो. हाच एक डोळा राहिलाय ना?"

उत्तर असं होतं की त्यात बोट घालायला फट नव्हती. आणि मिस्त्रींची उत्तरं इतकी गुळगुळीत कधीच नसत. म्हणजे ती आधीपासून तयार करून ठेवलेली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या महिन्यात टेलरबाईंना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. दुपारी तीन ते पाच शाळेत जाऊन एकेका वर्गाची मापं घ्यायची. घरी सून असायची. मुलगा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा, तीन-तीन महिन्यांनी यायचा. सून सासूच्या हाताखाली काजं-बटणं आणि खालच्या पट्ट्या दुमडून हातशिलाई करायची. डावखुरी होती. बोलायची कमी, आणि विचारलं तेवढंच बोलायची. हा गुण टेलरबाईंना आधी आवडला होता. हल्ली वाटत होतं, गुण आहे का सवय आहे, बघायला पाहिजे.

कारण हल्ली एकेक गोष्ट जागेवर सापडत नव्हती. मिस्त्रींचा दाढीचा गोल आरसा न्हाणीघरातून शेडमध्ये गेला. "तिकडे उजेड चांगला येतो," मिस्त्री म्हणाले. टोपलीतले बटाटे कमी व्हायला लागले. बटाट्यांवर टेलरबाईंचं बारीक लक्ष असण्याला कारण होतं. कारखान्यात असताना मिस्त्रींच्या डोळ्यांना कधी झळ लागली की ते वाळू गेल्यासारखे डोळे चोळत यायचे, आणि कच्च्या बटाट्याच्या चकत्या पापण्यांवर ठेवून पडायचे. त्या दिवसांत जेवणापेक्षा डोळ्यांनाच बटाटे जास्त लागत. म्हणून टेलरबाईंनी सोमवारी टोपलीत अकरा बटाटे मोजून ठेवले. बुधवारी आठ होते, आणि घरात बटाटा शिजलेला नव्हता.

मिस्त्रींचा डोळा बघितला. स्वच्छ.

"तुझे डोळे का लाल आहेत गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सर्दी झालीय, आई."

सर्दीत माणूस शिंकतं. ही शिंकत नव्हती. टेलरबाईंनी मनाशी ताडलं, नवऱ्याच्या आठवणीने रडत असेल. त्यावर त्यांनी आणखी काही विचारलं नाही, उलट संध्याकाळी मुलाला फोन करून झापलं. "बायकोला वरचेवर फोन करत जा! ती इथे डोळे सुजवून घेतेय." मुलगा म्हणाला, "अगं, सकाळीच तर अर्धा तास बोललो. हसत होती." टेलरबाईंनी फोन ठेवला आणि टोपलीतले बटाटे पुन्हा मोजले.

मग शर्ट धुवायला आला. मिस्त्रींचा जाड सुती निळा शर्ट, कारखान्यातला. छातीपाशी टाचणीच्या डोक्याएवढी चार जळकी भोकं. ठिणग्यांची. टेलरबाईंनी शर्ट उजेडात धरला. आणि मग त्यांना दुसरंच काही दिसलं: दोन्ही बाह्यांना कोपराच्या खाली आडव्या घड्या पडल्या होत्या. तीन-तीन घड्या, दुमडून दुमडून वर घेतलेल्या. मिस्त्रींचे हात लांब. त्या शर्टाच्या बाह्या त्यांना मनगटापर्यंतसुद्धा नीट पोचत नसत. ते त्या दुमडतील कशाला?

पण भोकं दिसल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. टेलरबाईंनी बाह्यांचा विचार तिथेच सोडला. मिस्त्री भंगारवाल्याकडे गेलेले बघून त्या शेडमध्ये शिरल्या.

गाडी जवळजवळ तयार होती. दिसायला नीटस होती, हे त्यांना कबूल करावं लागलं. कॉटच्या चौकटीचा तळ, वर मशीनसाठी कठडा, फ्रिजच्या जाळीचा खालचा कप्पा, सायकलच्या हँडलची मूठ, वेल्डिंगचे रॉड उभे ठेवायला पाइपचा तुकडा. मोठी चाकं मात्र अजून सळईवर नुसतीच अडकवलेली होती. सगळीकडे बोल्ट चमकत होते. टेलरबाईंनी एक बोल्ट बोटाने फिरवून बघितला, तर तो फिरला. आवळलेलाच नव्हता. दुसरा फिरवला. तोही.

त्यांनी गाडी आडवी केली.

खाली, जिथे उभ्या माणसाची नजर जात नाही, तिथे जोडाजोडाला वेल्डिंग होतं. वरून कच्चा धावदोरा आणि आतून पक्की शिवण! असले प्रकार टेलरबाईंनी उभ्या आयुष्यात शेकड्याने पाहिले होते, पण लोखंडात पहिल्यांदाच.

वेल्डिंगवाले दोन तुकडे आधी जागोजागी ठिपका देऊन धरून ठेवतात, त्याला ते टाकाच म्हणतात. मग त्यावरून सलग ओळ ओढतात. मिस्त्रींची ओळ टेलरबाईंच्या ओळखीची होती. घराचं फाटक, खिडकीची जाळी, त्यांच्या शिलाई मशीनचं स्टँड, सगळीकडे तीच होती: माशाच्या खवल्यासारखी एकावर एक बसलेली, शेवटपर्यंत एका रुंदीची. आणि गाडीखाली होत्या त्या ओळी कशा होत्या? इथे फुगलेल्या, तिथे बारीक झालेल्या, एके ठिकाणी तर लोखंड जळून भोकच पडलेलं आणि ते पुन्हा भरलेलं.

टेलरबाई गोणपाटावर बसल्या. सुतळीची गाठ आपली नाही, हेही आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. आपल्यासारखीच होती, पण उलटी मारलेली. त्यांच्या मनात एकच गोष्ट आली. हा माणूस वेल्डिंग करतोय, आणि त्याला दिसत नाहीये. दिसत असतं तर अशी ओळ त्याने मेला तरी ठेवली नसती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मिस्त्रींना डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. कारण सांगितलं नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही, आणि तेही त्यांना खटकलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून लावून डोळा पाहिला. भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. मिस्त्रींनी शेवटून दुसरी ओळही वाचली.

"नजर छान आहे. मागच्या वेळेपेक्षा चांगली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग पुन्हा दिवा लावला. "थोडी लाली मात्र दिसतेय, आतून. वेल्डिंगचा उजेड पाहिलात का?"

"मी होल्डर हातात धरलेला नाही," मिस्त्री म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो."

"मग ही लाली आजच थांबायला हवी. परत दिसली तर मी फक्त सांगू शकेन, काही करू शकणार नाही."

घरी परतताना रिक्षात टेलरबाई गप्प होत्या. मिस्त्रींना वाटलं, निभावलं. पण टेलरबाई ती शपथ पुन्हा पुन्हा उलटून बघत होत्या. विचारलं होतं उजेडाचं, आणि शपथ होल्डरची. ही सिगारेटसारखीच शपथ होती. म्हणजे होल्डर खरंच धरलेला नाही, आणि उजेड खरंच पाहिलेला आहे. नजर चांगली आहे, तरी टाके वाईट आहेत. मग टाके घातले कुणी?

उत्तर त्यांना संध्याकाळी गणवेशांच्या ढिगाऱ्यात सापडलं. सुनेने दुमडलेल्या स्कर्टच्या पट्ट्या त्या तपासत होत्या. सुनेची हातशिलाई डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपे, आणि संपताना तिला एक खोड होती. गाठीवर तिचा विश्वास नसायचा. गाठ मारून झाली की शेजारी आणखी तीन बारके टाके घालायची. "दोरा फुकट जातो," म्हणून टेलरबाई दोन वर्षं तिला टोकत होत्या.

त्या स्कर्ट तसाच टाकून बॅटरी घेऊन शेडमध्ये गेल्या. गाडीखालच्या प्रत्येक ओळीच्या एका टोकाला तीन ठिपके होते.

खरं तर जिवाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, मिनिटभर. मग लगेच दुसरा विचार आला, या घरात माझ्या पाठीमागे दोघं मिळून काहीतरी शिजवतायत. आणि ती लाली? ती कुठून आली?

त्यांनी दोघांनाही ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तीनला पिशवी घेऊन, टेप गळ्यात घालून, "येते गं," म्हणून निघाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात वीस मिनिटं दोऱ्याच्या रिळांचे रंग बघितले. दुकानदाराने विचारलं, "कुठला देऊ?" तर म्हणाल्या, "बघतेय." मग मागच्या गल्लीने परत आल्या.

शेडच्या पत्र्याच्या भोकाभोकांतून निळा-पांढरा उजेड थरथरत होता. टेलरबाईंनी जमिनीकडे बघत कान दिला.

"लांब गेलीस," आत मिस्त्री म्हणत होते. "तडतडतंय बघ. जवळ घे, अजून. हां, हा! तुझी सासू मांजरपाट फाडते ना, एका दमात, अगदी तसा आवाज पाहिजे. मध्ये अडकायला नको. सोड आता. थांब."

उजेड गेला. टेलरबाई दाराशी तशाच उभ्या राहिल्या. तीस वर्षांत या माणसाने त्यांच्या कामाबद्दल चांगला शब्द काढला नव्हता, आणि मांजरपाट फाडल्याचा आवाज मात्र कानात ठेवला होता. त्यांनी दार लोटून आत बघितलं.

सून बाह्या दुमडलेला निळा शर्ट घालून, डोक्याला लहान केलेली काच चढवून, डाव्या हातात होल्डर घेऊन गाडीपाशी उकिडवी बसली होती. मिस्त्री तिच्याकडे पूर्ण पाठ करून, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. अगदी शहाण्या मुलासारखे. हात मांडीवर, मान किंचित कलती.

ती मान टेलरबाईंच्या ओळखीची होती. दाढी करताना मिस्त्रींची मान अशीच कलायची.

भिंतीवर खिळ्याला दाढीचा गोल आरसा होता. त्यात सून होती, गाडी होती आणि होल्डरचं टोक होतं.

टेलरबाई चार पावलं पुढे गेल्या, आरसा काढला आणि पिशवीत टाकला.

"आई!" सून उठून उभी राहिली.

"ती काच वर कर. तोंड बघू दे तुझं. सर्दी झालीय ना?"

"मी होल्डर धरला नाही," मिस्त्री म्हणाले.

"नाही. तुम्ही आरसा धरलात."

"अगं, आरशातला उजेड काही खरा नसतो."

"डोळा खरा आहे ना पण?"

सुनेला आत्ता उमगलं. तिने भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. "बाबा, तुम्ही बघत होतात? मला वाटलं, तुम्हाला सगळं आवाजावरून कळतं."

"कळतं गं. नव्वद टक्के कळतं. दहा टक्के बघावंच लागतं."

"रोज बघत होतात?"

"रोज नाही."

"म्हणजे रोज," टेलरबाई म्हणाल्या. "ते दहा टक्के चुकू द्या. चुकलं तर कापता येतं, पुन्हा जोडता येतं. डोळ्याला दुसरं कापड मी कुठून आणू?"

सुनेने काच काढून खाली ठेवली. तिच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"मीच मागे लागले होते बाबांच्या," ती म्हणाली. "महिनाभर नाहीच म्हणत होते. गाडी झाली की मशीन मला एकटीला ओढत नेता येईल. कुणाचं फाटक निखळलेलं असतं, कुणाची जाळी. बाबांनी यायचं नाही, असं आमचं ठरलंय."

"आणि माझी काजं-बटणं?"

"ती करीन की सकाळी." सून म्हणाली. "पण आई, कापडाला घातलेला टाका लोक म्हणतात सासूचा. मी कितीही घातले तरी. लोखंडातला माझा म्हणतील."

"वाईट आहेत तुझे टाके," टेलरबाई म्हणाल्या. "फुगलेत. आणि शेवटी ते तीन ठिपके कशाला?"

"विश्वास वाटत नाही."

टेलरबाईंनी वाकून ते तीन ठिपके पुन्हा पाहिले.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं! आत्ताही म्हणतेय."

पण त्या म्हणत होत्या तेव्हाच त्यांना कळत होतं. बंद करा म्हटलं तर हे बंद होणार नव्हतं. फक्त त्यांना कळणं बंद होणार होतं. आरसा नेला तर पत्रा घासून चकचकीत होईल, पत्रा नेला तर पाण्याची बादली येईल. एकतीस वर्षं उजेडाकडे बघितलेला माणूस होता तो; पाठीमागे कुणी ओळ ओढतंय आणि आपण बघायचं नाही, हे त्याला जमणारं नव्हतं.

"किती राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"चाकांची सळई," सून म्हणाली. "दोन्ही टोकं. तेवढी धरली की झालं. पण तीच मोठी आहे. सगळा भार त्यावर येणार."

"ती एकटीने नाही जमायची तिला," मिस्त्री म्हणाले. "मी ऐकायला तरी पाहिजे."

"ऐका. कानांना कुणी बंदी घातली नाहीये." टेलरबाईंनी पिशवी खुंटीला लावली. "बसा तसेच. भिंतीकडे तोंड करून."

मिस्त्री बसले. टेलरबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्यांची स्वतःची पाठ सुनेकडे होती. मग त्यांनी दोन्ही हात पुढे नेऊन नवऱ्याच्या डोळ्यांवर तळवे घट्ट बसवले, पोरं आंधळी कोशिंबीर खेळताना बसवतात तसे. डाव्यावरही. तिथे गरज नव्हती, पण मिस्त्रींच्या बाबतीत त्यांना निम्म्यावर सोडायचं नव्हतं.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"इथे कोण लोक आहेत? कर गं सुरू."

टेलरबाईंनी आपले डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतूनसुद्धा समोरची भिंत उजळल्याचं कळलं. तडतड सुरू झाली.

"लांब," मिस्त्री अंधारातून म्हणाले. "जवळ घे. घाई नको. मांजरपाट... हां."

आवाज सलग झाला. त्याच वेळी टेलरबाईंच्या उजव्या तळव्याला काहीतरी गुदगुल्या झाल्या. पापणी. वर, खाली, वर.

"मिटा," त्या म्हणाल्या.

"मिटलाय."

"माझ्या हाताला कळतंय."

"सवयीने उघडतो गं. दिसत काही नाही. तुझा हात दिसतो, लाल लाल."

"मग तोही बघायचा नाही." त्यांनी तळवा आणखी दाबला. पापणी एकदा फडफडली आणि खाली गेली. खाली राहिली.

एक टोक झालं. सुनेने हातोडीने वरची काळी खपली ठोकून काढली, ब्रश मारला. दुसरं टोक सुरू झालं. यावेळी मिस्त्री काहीच म्हणाले नाहीत, नुसते ऐकत राहिले. ओळ संपली. आवाज थांबला, आणि मग अगदी छोटे तीन आवाज आले, एकामागून एक.

"चांगली झाली," मिस्त्री म्हणाले. "न बघता सांगतो."

"झालं, आई," सून म्हणाली. "काढा हात."

टेलरबाईंनी हात काढले नाहीत. "होल्डर ठेवलास खाली?"

"ठेवला."

"मशीनचं बटण?"

खट्ट आवाज आला. "केलं बंद."

"आता मेनचं बंद कर."

"केलं तेही."

मेनचं बटण घराच्या मागच्या दाराशी होतं, शेडपासून दहा पावलांवर. पावलांचा आवाज काही आला नव्हता. टेलरबाईंनी हात होते तिथेच ठेवले आणि ती चालत जायची वाट बघत उभ्या राहिल्या.